टाकीत कोण उतरणार?

या अंकात कविता कमी आहेत. तीन कविता मागं ठेवून ही पानं काढलीत. ज्यांच्या कविता राहिल्या त्यांनी गाठून शिव्या घालाव्यात, आम्ही ऐकून घेऊ. पण गेल्या पावसाळ्यापासून आपल्या पोरांना एक नवीन काम मिळायला लागलंय, आणि त्याबद्दल आत्ताच बोललो नाही तर पुढच्या अंकात कुणाच्या तरी नावाची आदरांजलीची चौकट छापावी लागेल.

काम असं. जुनी जागा असते. बंद पडलेला पेट्रोल पंप, गिरणीचं कंपाउंड, गोदीच्या भिंतीबाहेरचं गोडाऊन, कुठल्या तरी शेठची पत्र्याची फॅक्टरी. जागा विकली जाते. तिथं टॉवर यायचा असतो. पोकलेननं फरशी फोडली की खाली लोखंडाची टाकी लागते, तेलाची. कधी पेट्रोल-डिझेलची, कधी बॉयलरला लागणाऱ्या फर्नेस ऑइलची. वीस-वीस, तीस-तीस वर्षं तिचं झाकण कुणी उघडलेलं नसतं. बिल्डरला टाकी नको असते, त्याला पाया काढायचाय. तो कंत्राटदाराला सांगतो, कंत्राटदार मुकादमाला, आणि मुकादम नाक्यावर येऊन म्हणतो, चार पोरं पाहिजेत. टाकी साफ करायचीय. दीड हजार रोज, जेवण वर. टाकी रिकामी आहे, घाबरायचं काम नाही.

बिगारीला नाक्यावर जे मिळतं त्यापेक्षा हे बरंच जास्त. पोरं जाणारच. आम्ही पण गेलो असतो. पैशापुढं जीव मोठा असं ज्यांना सांगायचंय त्यांनी आधी एका घराचं महिन्याचं रेशन भरावं, मग सांगावं.

आमचं भांडण पोरांशी नाही, मुकादमाच्या त्या एका शब्दाशी आहे. रिकामी.

तेलानं गच्च भरलेली टाकी त्यातल्या त्यात शांत असते. कारण पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत एका मापात मिसळली तरच. ते माप आहे १.४ ते ७.६ टक्के. त्याखाली वाफ कमी पडते, त्याच्या वर हवा कमी पडते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. टाकी उपसली की हवा आत शिरते, तळाचा गाळ आणि पत्र्याच्या गंजात मुरलेलं तेल वाफ सोडत राहतं, आणि टाकी बरोबर त्या मापात येऊन बसते. वर ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. झाकण उघडून दोन दिवस ठेवलं म्हणून ती उडून जात नाही. तळाशी पाण्यासारखी पडून राहते. वरून वाकून वास घेतला तर फार काही जाणवत नाही, आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर माणूस तिच्यात गळ्यापर्यंत बुडालेला असतो. ठिणगी कशाचीही चालते. फावडं पत्र्याला घासलं. उजेडाला सोडलेला साधा बल्ब फुटला. वरच्या कुणी बिडी पेटवली.

म्हणजे मुकादम ज्याला रिकामी म्हणतो ती टाकी भरलेलीच असते, फक्त डोळ्याला दिसत नाही.

आग लागली नाही तरी मरायला बाकीच्या वाटा आहेत. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के. १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही, हा ठरलेला आकडा आहे. दहाच्या आसपास माणूस उभ्याचा आडवा होतो, हाक मारायलाही वेळ मिळत नाही. सहाच्या खाली काही मिनिटांत खेळ खलास. आणि ऑक्सिजन संपवायला तेलाची वाफच लागते असं नाही. नुसतं गंजणारं लोखंडसुद्धा बंद टाकीतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. ९ मार्च २०२५ ला नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीची जमिनीखालची टाकी साफ करताना चार कामगार गुदमरून मेले. ती टाकी पाण्याची होती. पाण्याची! तेलाची तर पुढचीच गोष्ट.

फर्नेस ऑइलच्या टाकीत तळाशी पाणी साठतं, तेलात गंधक असतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. कुजलेल्या अंड्याच्या वासाचा वायू. गटारात उतरणाऱ्या आपल्या भावांना तो चांगला ओळखीचा आहे. त्याची हरामखोरी अशी की तो वाढला की वास यायचा बंद होतो. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भाग झाला की नाक मरतं. आतलं पोरगं वर ओरडून सांगतं, वास गेला रे, आता बरं वाटतंय. आणि वरचे म्हणतात, चला, हवा सुटली.

पेट्रोलची जुनी टाकी असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल आलं. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिसं घालायचे, टेट्राइथाइल लेड. म्हणजे त्याआधी पुरलेल्या टाकीच्या तळाच्या गाळात ते शिसं असू शकतं. ते नुसतं नाकातनं जात नाही, कातडीतनं पण आत जातं. चड्डीवर, उघड्या पायानं गाळ ओढणाऱ्या माणसाच्या मेंदूत जातं. झोप उडते, भास होतात. घरचे समजतात पोरगं दारूत गेलं. आणि बेंझिन आहेच, त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो, पण तो वर्षांनी होतो. तोपर्यंत टॉवरच्या लॉबीत संगमरवर बसलेला असतो आणि कंत्राटदाराचा नंबर बदललेला असतो.

आता एक आकडा पाठ करा. अमेरिकेतल्या निओश या सरकारी संस्थेनं १९८६ साली लिहून ठेवलं की असल्या बंद जागांत मरणाऱ्यांमध्ये साठ टक्क्यांहून जास्त माणसं ही दुसऱ्याला वाचवायला उतरलेली असतात. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. कारण आपल्या पोरांचं हेच होणार. आपलं पोरगं खाली पडलेल्या दोस्ताला सोडून मागं हटत नाही, वस्तीनं तसं वाढवलेलंच नाही त्याला. भाऊ पडला की भाऊ उडी मारतो. म्हणून सांगतोय: खाली कुणी पडला तर उतरायचं नाही. कितीही जीव तुटला तरी उतरायचं नाही. त्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोरी असली तर वरून ओढायचा. नसली तर १०१ ला फोन. दोरी नसलेल्या माणसाला खाली सोडलंच कसं हा सवाल त्याआधीचा आहे.

मग टाकी तशीच सोडायची का? नाही सोडायची. ते पण सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल ही पोरं कामच नको म्हणतात. पुरलेलं लोखंड सडतं. तेल जमिनीत मुरतं, जमिनीखालच्या पाण्यात जातं, तिथनं विहिरीत आणि गटारात. टॉवरवाले बाटलीतलं पाणी पितील, बाजूच्या झोपडपट्टीच्या नळाची लाईन त्याच जमिनीतनं जाते. गटारात तेल शिरलं तर काय होतं हे मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरानं बघितलंय. तिथं जमिनीखालचा पेट्रोलचा पाईप गंजून फुटला आणि पेट्रोल गटारात गेलं. लोक आधीपासून सांगत होते, मोरीतनं पेट्रोलचा वास येतोय. अधिकारी आले, झाकणं उघडली, हुंगून गेले, वस्ती खाली केली नाही. २२ एप्रिल १९९२ ला गटार फुटत गेलं, कित्येक किलोमीटर रस्ता उखडला, दोनशेहून जास्त माणसं मेली. ती कष्टकऱ्यांची वस्ती होती हे वेगळं सांगायला पाहिजे का?

अमेरिकेनं जमिनीतल्या टाक्यांसाठी १९८४ साली कायदा केला, १९८८ साली नियम केले आणि जुन्या टाक्यांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. सुधारा नाहीतर बंद करा. तिकडं घर विकत घेणारा आधी विचारतो, अंगणात तेलाची टाकी पुरलीय का? इकडं पोकलेनचा दात लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. खरं तर पत्ता लागतो. भिंतीलगत एक पाईप जमिनीतून वर आलेला असतो, आठ-दहा फूट उंच, टोकाला टोपी किंवा वाक. तो टाकीचा श्वास, व्हेंट पाईप. जमिनीत लोखंडी झाकणाचा छोटा डबा असतो, तिथनं काठी घालून तेल मोजायचे. जुन्या जागेवर कामाला गेलात तर आधी हे दोन बघा.

टाकी बाद करायची रीत कंत्राटदाराला माहीत असते. तो सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आधी टाकीकडे येणारे-जाणारे सगळे पाईप सोडवायचे आणि त्यांची तोंडं बंद करायची, नाहीतर साफ केलेल्या टाकीत मागनं तेल येतं. उरलेलं तेल ठिणगी न पाडणाऱ्या पंपानं उपसायचं, टाकी आणि पंप दोन्हीला अर्थिंग. मग वाफ मारायची. त्यासाठी नायट्रोजन सोडतात, नाहीतर सुका बर्फ टाकतात, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, हजार लिटरमागे साधारण १.८ किलो. तो वायू आतला ऑक्सिजन हाकलून देतो, मग ठिणगी पडली तरी पेट घेत नाही. आणि इथंच मेख आहे. कंत्राटदार सांगेल, बर्फ टाकलाय, टाकी सेफ झाली. आगीला सेफ झाली. माणसाला नाही! ऑक्सिजन नसलेल्या टाकीत आग जगत नाही तसा माणूस पण जगत नाही. वर वाफ मोजायचं साधं यंत्र ऑक्सिजन नसेल तर खोटं बोलतं, शून्य दाखवतं. ते शून्य पोरांना दाखवून मुकादम म्हणतो, बघ मशीन काय सांगतंय.

म्हणून त्यानंतर ताजी हवा आत मारायची, तास न् तास, आणि तीन ठिकाणी मोजायची: वर, मध्ये, तळाला. ऑक्सिजन किती, जळणारी वाफ किती, हायड्रोजन सल्फाइड किती. पेट घ्यायच्या सगळ्यात खालच्या मापाच्या दहा टक्क्यांच्या खाली वाफ पाहिजे, म्हणजे पेट्रोलला ०.१४ टक्का. आणि एकदा मोजून भागत नाही. गाळ हलवला की त्यात दबलेली वाफ परत सुटते. सकाळचं मोजमाप दुपारी कामाचं नाही.

आता खरी गोष्ट. यातल्या बहुतेक कामाला माणूस आत जायची गरजच नाही. गाळ तोंडातूनच सक्शनच्या पाईपनं ओढता येतो, पाण्याचा जोराचा फवारा वरून मारता येतो, लांब दांड्याचं खरवडणं बाहेर उभं राहून चालवता येतं. हे सगळं भाड्यानं मिळतं. पण चार पोरं त्याहून स्वस्त पडतात. मशीनला डिझेल लागतं, ऑपरेटर लागतो, बिघडलं तर भरून द्यावं लागतं. पोरगं बिघडलं तर काही भरून द्यावं लागत नाही.

साफ झालेल्या टाकीचं दोनच होतं. उपसून काढायची, नाहीतर जागेवरच वाळू किंवा पातळ काँक्रीटनं गच्च भरायची. रिकामी सोडायची नाही. शिवडी, वडाळा, माझगावच्या किनाऱ्यालगतची बरीचशी जमीन भरणीची, भरतीचं पाणी खालून चढतं. २०,००० लिटरची रिकामी टाकी पाण्यात पूर्ण बुडाली तर पाणी तिला वीस टनांच्या जोरानं वर ढकलतं, आणि टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढं काहीच नाही. पावसाळ्यात अशी टाकी फरशी फोडून वर येते. वाळू अर्धवट भरली तर पत्रा सडल्यावर जमीन खचते. म्हणून खालची माती पण तपासायची, टाकीच्या दोन्ही टोकांखालची आणि पाईपच्या सांध्याखालची.

आणि उपसून काढलेली टाकी जाते कुठं? भंगारात. तिथं दुसरी पोरं गॅस कटर घेऊन बसलेली असतात. चार दिवसांपूर्वी साफ म्हणून निघालेली टाकी उन्हात तापली की गंजात मुरलेलं तेल पुन्हा वाफ सोडतं. कटरवाल्याला कुणी सांगत नाही की ही टाकी कशाची होती. टाकीवर मोठ्या अक्षरांत लिहून, तिला आधीच भोकं पाडून पाठवायची असते. दारुखान्यात राहणाऱ्या वाचकांनी हे वाक्य शेजाऱ्याला वाचून दाखवावं.

कायदा काय म्हणतो? कायदा पुष्कळ म्हणतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३६ होतं. धोक्याचा वायू असेल अशा टाकीत, खड्ड्यात, पाईपात माणसाला उतरवायचं नाही, जोवर लायक माणूस स्वतः तपासून तसं लिहून देत नाही. नाहीतर श्वासाचं यंत्र आणि कमरेला पट्टा पाहिजे, आणि दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ३६ अ मध्ये दिव्याचं पण होतं, हातातला दिवा २४ व्होल्टच्या वर नको. चांगलं लिहिलं होतं. फक्त ते कारखान्यासाठी होतं. कारखाना बंद पडला की तो कारखाना राहत नाही, जागा होते, आणि जागेत मरणारा माणूस कामगार होता का इथपासून वाद सुरू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. नाक्यावरच्या माणसाला दोन्ही वेळेला हजेरीचं कार्ड मिळालं नाही. हजेरीच नाही तर नुकसानभरपाई कुठल्या मालकाकडं मागणार?

गटार आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा कायदा आहे. तो अंमलात आला त्याच वर्षी, तारीख ६ डिसेंबर. ही तारीख कुणी मुद्दाम धरली की काय ते सोडा. त्या कायद्यात माणसाला साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या म्हणून सांगितलं. पैसे मिळवायला घरच्यांच्या चपला झिजतात ते वेगळं, पण निदान निकाल आहे, लढायला हत्यार आहे. तेलाच्या टाकीचं नाव त्या कायद्यात नाही. तोच माणूस, तेच तोंड, तोच वायू, पण खाली मैल्याऐवजी तेल आहे म्हणून तो अपघात. पंचनाम्यात तीन ओळी. सरकारनं नमस्ते योजनेत गटार आणि सेप्टिक टँकच्या कामगारांची नोंद केली, २०२४ साली आकडे बाहेर आले. ३८,००० च्या आसपास नोंदींमध्ये जवळजवळ ९२ टक्के माणसं अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी. नुसत्या अनुसूचित जातीचे ६९ टक्के. तेलाच्या टाकीत उतरणारा त्या नोंदीत बसत नाही, म्हणून तिथं जात नाही असं साहेब लोक समजतात. मुकादम जात विचारत नाही हे खरं आहे. त्याला विचारावं लागत नाही. गाडी कुठल्या नाक्यावर थांबवायची एवढं त्याला माहीत असतं.

आता तेलाच्या बाजूनं बघा. पेट्रोलियमचा कायदा १९३४ चा, नियम २००२ चे. त्यांचं ऑफिस, स्फोटकांच्या मुख्य नियंत्रकांचं, नागपूरला. नागपूर म्हटल्यावर आपल्याला दुसरंच काही आठवतं, पण हे पण तिथंच आहे, आणि चौदा ऑक्टोबरच्या आसपास जाणाऱ्यांनी एखादा अर्ज तिथं देऊन यायला हरकत नाही. मातीसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांचे नियम काढले. आणि गाळासाठी घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. त्यांच्या पहिल्या परिशिष्टात तेलाच्या टाक्या साफ करण्याचं काम, जहाजांच्या टाक्यांसकट, नाव घेऊन लिहिलंय. हा गाळ एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा तर त्याच्याबरोबर फॉर्म नंबर १० पाहिजे. त्याच्या सात प्रती. पांढरी, पिवळी, गुलाबी, नारंगी, हिरवी, निळी, करडी. कुणी दिला, कुणी नेला, कुणाला पोचला, वजन किती, सगळ्यांच्या सह्या.

वाचा परत. गाळाला सात रंगांचे कागद. गाळ कुठं हरवू नये म्हणून. आणि तो गाळ ज्यानं घमेल्यानं भरून वर दिला, त्याच्या नावाचा एकसुद्धा कागद नाही. त्याचं नाव मुकादमाच्या मोबाईलमध्ये पण नसतं. "नाका ४ लडके" असं असतं.

थोडं आपल्याच लोकांबद्दल. आमच्या कवितांत मॅनहोल हा शब्द इतका आलाय की तो गुळगुळीत झालाय. अंधार, विवर, शतकांचा काळोख. संमेलनात टाळ्या पडतात. एकाही कवितेत मॅनहोलचं माप नाही. जुन्या टाकीचं तोंड बऱ्याचदा दोन फुटांच्या आसपास. पाठीला सिलिंडर बांधलेला माणूस त्यातून आत जात नाही, आणि बेशुद्ध पडलेला माणूस त्यातून सरळ बाहेर येत नाही, हात वर ओढून, खांदे आवळून काढावा लागतो. हे माप माहीत असलेला कवी आम्हाला पाहिजे. त्यानं चार ओळीच लिहाव्यात, आम्ही पहिल्या पानावर छापू.

मध्यंतरी एका जुन्या कंपाउंडात आपल्या वस्तीतली चार पोरं गेली. नाव लिहित नाही, कारण पोरांना त्याच बाजूला रोज काम शोधायचंय. झाकण उघडलेलं, वासानं डोळे चुरचुरत होते. त्यातला एक, बारावीला बसलेला, त्यानं विचारलं, हवा मोजलेला कागद कुठाय? मुकादम हसला. म्हणाला, तू काय इन्स्पेक्टर लागून गेलास? पोरांनी चपला घातल्या आणि निघाली. त्या दिवसाचा रोज बुडाला, चौघांचा. आम्हाला त्यांचा अभिमान वाटला, आम्ही चहा पाजला, पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी कळलं की मुकादमानं पलीकडच्या नाक्यावरून चार पोरं उचलली. बिहारची होती. त्यांना तो कागद मागायचा असतो हे कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन दिवस काम चाललं, कुणी मेलं नाही. मेलं नाही म्हणून मुकादम आता सगळीकडे सांगत फिरतो, त्या पोरांना उगाच माज.

तेव्हा एका नाक्यानं नाही म्हणून भागत नाही. सगळ्या नाक्यांनी एकच म्हणायला पाहिजे, आणि मराठीत म्हणून पण भागत नाही. या अंकासोबत एक सुटं पान दिलंय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. कविता नाही, घोषणा नाही. कागद दाखवा, आज मोजलेला, तीन ठिकाणचा. पट्टा दाखवा, दोरी दाखवा, दोरी धरणारा दाखवा. टाकी कशाची होती ते लिहून द्या. आमची नावं हजेरीत लिहा. गाळ आधी मशीननं काढा, त्यानंतरच आत जाण्याची गोष्ट काढा. एवढंच आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी खाली चित्र काढलंय, आपल्याच एका चित्रकार दोस्तानं, दोरी जरा जाड काढा म्हणून त्याला तीनदा परत पाठवला.

पानं हजार छापलीत. गोदीच्या फाटकावर आम्ही वाटू. चेंबूर, कुर्ला, गोवंडी आणि मानखुर्दच्या नाक्यांसाठी माणसं कमी पडतायत. ज्यांना सकाळी साडेसहाला उठून एका नाक्यावर अर्धा तास उभं राहता येईल त्यांनी रविवारच्या आत निरोप द्यावा. हिंदी नीट बोलणारे दोघं-तिघं असले तर फार बरं.